दोन पाट्यांवर काय लिहायचं?

बायबलमध्ये देवानं मोशे या इस्राएली पुढाऱ्याला सीनाय डोंगरावर दगडी पाट्यांवर लिहून दिलेल्या दहा आज्ञांचं चित्र म्हणून आज जे सगळीकडे दिसतं, त्यात आज्ञा नसतात. दोन दगडी पाट्या, त्यांच्या वरच्या कडा गोल, डाव्या पाटीवर एक ते पाच आणि उजव्या पाटीवर सहा ते दहा हे रोमन आकडे. ख्रिस्ती कॅलेंडरवर हेच, शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या, प्रमाणपत्रावर हेच, फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर शोधलं तर हाती लागणारं तयार चित्रही हेच. ज्याला आज्ञा पाठ आहेत त्याला आकडे पुरतात. ज्याला पाठ नाहीत त्याला त्या चित्रातून काहीच कळत नाही. आणि भिंतीवर आज्ञा लावायची प्रथा ज्यांनी पाडली, त्यांना काळजी होती ती या दुसऱ्या माणसाची.

कोल्हापुरात हा विषय मुद्दाम काढावासा वाटतो. हे चित्रकारांचं, मूर्तिकारांचं आणि बोर्ड रंगवणाऱ्यांचं गाव. इथली मराठी ख्रिस्ती मंडळीही जुनी आहे. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांचं नाव धारण केलेलं वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात उभं आहे. म्हणजे देवनागरी अक्षर देखणं काढणारे हात आणि ते अक्षर प्रेमानं वाचणारी माणसं, दोन्ही एका गावात आहेत. इथल्या चर्चच्या भिंतीवर पाट्या लागायच्या असतील तर त्या वाचता येतील अशा, मराठीत आणि पूर्ण अर्थानिशी लागाव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी पाट्यांबद्दल शास्त्रात काय आहे ते पाहावं लागतं, कारण चित्रांमुळे आपल्या डोक्यात बरंच नसलेलं बसलेलं असतं.

आज्ञा दोनदा येतात, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात आणि अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात. पाट्यांचं वर्णन निर्गम ३२ मध्ये आहे: पाट्या दोन, दगडाच्या, आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या. वरच्या गोलाईबद्दल एक शब्द नाही. मापही दिलेलं नाही, पण त्या ज्या कराराच्या कोशात, म्हणजे पवित्र पेटीत, ठेवायच्या होत्या त्याचं माप दिलेलं आहे: बाभळीच्या लाकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर साधारण ११२ बाय ६८ बाय ६८ सेंटिमीटर. दोन्ही पाट्या यात मावल्या पाहिजेत. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात पाटीचं माप सहा मुठी लांब, सहा मुठी रुंद, तीन मुठी जाड असं येतं. मूठ आठ सेंटिमीटरची धरली तर एकेक पाटी दीडशे किलोच्या घरात जाते. तेवढं वजन डोंगरावरून उतरवणं परंपरेनं देवाच्या सामर्थ्यावर सोपवलं आहे. चित्रकाराला तसं सोपवता येत नाही.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचा हिशेब करून पाहा. पाटी ४५ सेंटिमीटर उंच, ३० रुंद आणि फक्त ५ जाड घेतली, तरी एकीचं वजन वीस किलोला जरासं कमी भरतं. जोडी चाळीस किलोच्या आसपास. निर्गम ७ प्रमाणे फारोपुढे, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजापुढे, उभा राहिला तेव्हा मोशे ऐंशी वर्षांचा होता. या वयाचा माणूस एवढं ओझं घेऊन उतारावरून येतोय, तर त्याचे गुडघे वाकलेले हवेत, पाट्या पोटाशी धरलेल्या हव्यात, बोटं खालच्या कडेला वळलेली हवीत. बहुतेक चित्रांत मात्र मोशेनं एका हातानं पाट्या डोक्यावर उचललेल्या असतात. कोल्हापुरात दगड उचललेल्या माणसांची कमी नाही. चित्र काढण्याआधी त्यांच्यातल्या एखाद्याला नीट पाहिलं तरी मोशे खरा वाटू लागेल.

गोलाई आली ती मध्ययुगातल्या युरोपातून. तिथे मेण भरलेल्या लाकडी पाट्यांची बिजागरीनं जोडलेली जोडी लिहिण्यासाठी वापरत. चित्रकारांनी मोशेच्या हातात रोजच्या पाहण्यातली वस्तू दिली, आणि तो आकार पुढे शेकडो वर्षं टिकला. रोममध्ये मिकेलांजेलोनं घडवलेल्या मोशेच्या हाताखाली मात्र सरळ चौकोनी पाट्या आहेत. तेव्हा एखाद्या पाथरवटानं चौकोनी पाट्या काढल्या तर मंडळीनं त्याला चुकीचं ठरवू नये. गोलाई ठेवायची असेल तर तिचा उपयोग करून घ्यावा. तो कसा, ते पुढे येईल.

भिंतीवरच्या आज्ञांचा इतिहास वाचणाऱ्यांसाठीच घडलेला आहे. लुकास क्रानाख या चित्रकारानं १५१६ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गच्या नगरभवनासाठी दहा आज्ञांचं मोठं फलकचित्र केलं. दहा आज्ञांचे दहा प्रसंग, प्रसंगांतून माणसांच्या मागे लागलेले सैतान आणि त्यांना सावरणारे देवदूत, आणि सगळ्या चित्रावरून गेलेलं एक इंद्रधनुष्य. जिथे न्यायनिवाडे होत त्या दालनात ते लावलं होतं. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर असायला याहून चांगली जागा कोणती? इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६१ मध्ये, चर्चमध्ये आज्ञांचे फलक लावण्याचा हुकूम निघाला, आणि १६०४ च्या चर्च-नियमांतल्या ८२ व्या नियमानं तो पक्का केला: प्रत्येक चर्चच्या पूर्वेच्या टोकाला, लोकांना उत्तम दिसतील आणि वाचता येतील अशा ठिकाणी दहा आज्ञा लावाव्यात. शेजारी बहुधा प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं थोडक्यातलं निवेदन, हेही असे. पुढे फलकांच्या एका बाजूला मोशे आणि दुसऱ्या बाजूला याजकाच्या वस्त्रांतला त्याचा भाऊ अहरोन रंगवायची पद्धत पडली. चित्रं बाजूला, मजकूर मधोमध. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

रेम्ब्रांट या डच चित्रकारानं १६५९ मध्ये मोशेचं जे चित्र केलं त्यातही पाट्याच चित्राचा मुख्य भाग आहेत. गडद पाटीवर सोनेरी हिब्रू अक्षरं, आणि ती नीट वाचता येण्याजोगी. अॅमस्टरडॅममध्ये तो यहुदी वस्तीच्या सहवासात राहिला होता, त्यामुळे अक्षरांच्या जागी नुसत्या नागमोडी रेघा ओढून भागवणं त्याला पटलं नसणार. आजच्या पुष्कळ छापील चित्रांत नेमकं तेच झालेलं असतं. हिब्रूसारखं काहीतरी गिरगटलेलं असतं आणि ते कुणालाच वाचता येत नाही. कधी चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं जातं. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून यहुदी पद्धतीच्या जोडीत पहिली पाटी उजवीकडे असते. सभास्थानांत, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरांत, बहुधा प्रत्येक आज्ञेचे पहिले एक-दोन शब्द किंवा आलेफपासून योदपर्यंतची दहा अक्षरं आकडे म्हणून लिहितात. ते चित्र उचलून आपण डावीकडून वाचायला लागलो तर सहावी आज्ञा पहिली होते.

आता मोजणीचा प्रश्न. हा सोडवल्याशिवाय पेन्सिलही उचलू नये. आज्ञा दहा आहेत हे निर्गम ३४ सांगतं, पण कुठली आज्ञा कुठे संपते हे सांगत नाही. यहुदी मोजणीत 'मी परमेश्वर तुझा देव आहे' हे वाक्यच पहिलं, आणि वेगळे देव मानू नको व मूर्ती करू नको हे मिळून दुसरं. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत वेगळे देव व मूर्ती मिळून पहिली आज्ञा होते आणि शेवटच्या लोभाच्या दोन आज्ञा होतात. प्रेस्बिटेरियन व अँग्लिकन या प्रोटेस्टंट पंथांच्या आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मोजणीत मूर्तीची आज्ञा स्वतंत्र दुसरी, आणि लोभाची एकच दहावी. याचा परिणाम थेट फलकावर होतो. 'चोरी करू नको' ही कॅथलिक घरात सातवी, तर वायल्डरांच्या परंपरेतल्या घरात आठवी. पाट्यांची वाटणीही बदलते: कॅथलिक पद्धतीत तीन आणि सात, यहुदी पद्धतीत पाच आणि पाच, प्रेस्बिटेरियन पद्धतीत चार आणि सहा. पहिल्या पाटीवर देवाशी नातं, दुसरीवर शेजाऱ्याशी.

कोल्हापूरच्या जुन्या मंडळीची मुळं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये आहेत, म्हणून इथे चार-सहाची वाटणी स्वाभाविक. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यातल्या अँग्लिकन परंपरेचीही मोजणी हीच, त्यामुळे तिथे वाद निघत नाही. घोळ होतो तो इंटरनेटवरून घेतलेल्या पाच-पाचच्या चित्रावर मराठी मजकूर बसवताना. आईबापांचा मान राखायची आज्ञा देवाच्या पाटीवर जाते. याला यहुदी विचारात आधार आहे, आईबाप हे देवाच्या जवळचे मानून. पण मग मंडळीनं ते समजून-उमजून ठरवावं, जागा उरली म्हणून नव्हे.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आज्ञांच्या आधीचं वाक्य. 'मी परमेश्वर तुझा देव आहे, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले.' प्रेस्बिटेरियन परंपरेच्या १६४७ च्या लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत आणि त्यातला ४३ वा प्रश्न खास याच वाक्याबद्दल आहे. म्हणजे एकेका आज्ञेचा अर्थ शिकवण्याआधी हे वाक्य शिकवायचं, असा नेम होता. फलकांवरून सगळ्यात आधी गळतं ते हेच. ते गळलं की उरते नुसती मनाईची यादी, आणि ती कुणालाही लागू करता येते, कुणावरही उगारता येते. ते वर असलं की पुढची प्रत्येक ओळ सुटका झालेल्या माणसांना सांगितलेली ठरते. मूर्तीची आज्ञाही मग शेजाऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवत नाही. ज्यांना मिसरातून बाहेर काढलं त्यांनी आपल्या देवाशी कसं वागावं, एवढंच ती सांगते. अंबाबाईच्या गावात राहणाऱ्या मंडळीच्या भिंतीवर हा फरक दिसायला हवा.

चौथ्या, म्हणजे शब्बाथाच्या (आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाच्या) आज्ञेचंही असंच होतं. फलकावर येतं ते 'शब्बाथ दिवसाची आठवण ठेवून तो पवित्र पाळ' एवढं एक वाक्य. मूळ मजकुरात ही आज्ञा लांब आहे, आणि तिच्यात दास, दासी, बैल, गाढव आणि दाराआतला परका या सगळ्यांना विसावा आहे. निर्गमात कारण दिलं आहे सृष्टीच्या निर्मितीचं. अनुवादात कारण दिलं आहे की तूही मिसरात दास होतास. बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शब्बाथाची आज्ञा ती सुट्टी दर आठवड्याला देते, आणि बैलाबरोबर गड्यालाही देते. हा भाग फलकावरून वगळला की आज्ञा फक्त उपासनेला हजर राहण्यापुरती उरते.

मराठी भाषेत ही आज्ञा एकदा भिंतीशिवायही वाचली गेली आहे. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचा घाणा चालवणं हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. मुंबईत त्यांचं पहिलं सभास्थान १७९६ मध्ये उभं राहिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून गावातल्या कुणालाही दहापैकी एक आज्ञा बंद घाण्यावर दिसत होती. दहा आज्ञांचं मराठी मुलखातलं याहून नेमकं चित्रण मला माहीत नाही.

सिनेमानं पाट्यांना जे रूप दिलं ते आज सगळ्यांत जास्त पसरलेलं आहे. हॉलिवूडचे दिग्दर्शक सेसिल डिमिल यांनी 'द टेन कमांडमेंट्स' दोनदा काढला, १९२३ मध्ये मूकपट आणि १९५६ मध्ये रंगीत बोलपट. १९२३ हे साल कोल्हापूरकरांना वेगळ्या कारणानं आठवावं: त्याच वर्षी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सिंहगड' आला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या हातांनी इथे सिनेमा उभा राहत होता, तेव्हा तिकडे कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर फारोच्या नगराची भव्य भिंत उभी केली जात होती. १९५६ च्या चित्रपटात चार्लटन हेस्टन मोशे झाला. त्यात अग्नीच्या लोळानं दगडावर अक्षरं कोरली जातात, आणि एक गोष्ट डिमिलनं फार जपून केली: पाट्यांवरची लिपी आजची चौकोनी हिब्रू नसून तिच्याही आधीच्या जुन्या वळणाची आहे. प्रेक्षकाला ती वाचता येत नाही, पण ती लिपी आहे, गिरगट नाही. समुद्र दुभंगण्याच्या दृश्यासाठी मोठ्या टाकीत पाणी सोडून ते चित्रीकरण उलटं चालवलं होतं. लोकांना तेच जास्त आठवतं. मला मात्र त्या लिपीमागचे कष्ट मोठे वाटतात.

याच चित्रपटाच्या सुमारास अमेरिकेत ईगल्स नावाच्या बंधुसंघटनेनं गावोगावी दहा आज्ञांचे ग्रॅनाइटचे खांब उभे करायचा उपक्रम चालवला होता, आणि डिमिलनं त्याला पाठबळ दिलं. टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातला खांब १९६१ चा, सहा फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद. मजकूर असा बेतला होता की प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि यहुदी कुणालाच तो परका वाटू नये. आकडे घातलेच नाहीत. त्यामुळे मोजणीचा वाद टळला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत 'मी परमेश्वर तुझा देव आहे' हे आहे, पण मिसर नाही, दास्यगृहही नाही. हा खांब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जून २००५ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तो राहू द्यावा असं ठरलं, आणि त्याच दिवशी केंटकीतल्या न्यायालयांच्या इमारतींत लावलेल्या आज्ञांच्या तसबिरी मात्र पाच विरुद्ध चार मतांनीच घटनाबाह्य ठरल्या. सगळ्यांना चालेल असा मजकूर करताना सुटकेचं वाक्य गाळलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. ते तर तिन्ही परंपरांना एकत्र आणणारं वाक्य होतं.

आता प्रत्यक्ष फलकाकडे. पाळक आणि मंडळीच्या कारभारी वडीलधाऱ्यांनी आधी मजकूर कागदावर ठरवावा, आणि तो चर्चमध्ये ज्या आवृत्तीचं बायबल वाचतात तिच्याशी शब्दन् शब्द ताडून पाहावा. मग वेदीपासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर टेपनं मोजावं. बोर्ड रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. उजेड चांगला असेल तर दुप्पट-तिप्पट अंतरावरूनही लागतं, पण डोळ्यांना ताण पडतो. ज्येष्ठ मंडळी पुढे बसतात हे खरं, तरी पन्नास फुटी चर्चमध्ये दोन इंचांच्या खाली उतरू नये. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना वेगळी जागा लागते, म्हणून दोन इंची अक्षराला ओळीचं अंतर चार इंच धरावं. रोमन लिपीच्या सवयीनं तीन इंच धरलं की वरच्या ओळीतला 'रू' खालच्या ओळीतल्या 'मूर्ती'च्या रफाराला टेकतो.

आठ बाय चार फुटांचे, १९ मिलिमीटर जाडीचे वॉटरप्रूफ प्लायचे दोन तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकातून सहा फूट उंच, चार फूट रुंद पाटी कापावी. गोलाई करायची तर वरचे दोन फूट अर्धवर्तुळात जातात आणि खाली चार फुटांचा चौक उरतो. तळाला चार इंच सोडले तर चौकात अकरा ओळी बसतात. बाजूचे समास सोडून ४४ इंच रुंदी मिळते. दोन इंची अक्षर जोडाक्षरांसकट सरासरी पावणेदोन-दोन इंच जागा घेतं, म्हणजे एका ओळीत बावीस-पंचवीस अक्षरं, आणि त्यातली तीन जातात आकड्याला. या मापानं पहिल्या पाटीवरच्या चार आज्ञांना सहा ओळी लागतात: पहिलीला एक, दुसरीला एक, देवाचं नाव व्यर्थ न घेण्याच्या आज्ञेला दोन, शब्बाथाला दोन. दुसऱ्या पाटीवरच्या सहा आज्ञांना नऊ: खून, व्यभिचार, चोरी यांना एकेक, बाकीच्या तिघींना दोन-दोन.

डावीकडे सहा आणि उजवीकडे नऊ पाहून रंगारी अस्वस्थ होतो आणि पाचवी, म्हणजे आईबापांच्या मानाची आज्ञा डावीकडे सरकवायला निघतो. मग आठ आणि सात अशी छान जुळणी होते. तिथे त्याला थांबवावं. डाव्या पाटीवर रिकाम्या राहिलेल्या तीन ओळी दास, दासी, बैल आणि परका यांच्या विसाव्यासाठी आहेत. तो मजकूर दीड इंची अक्षरात घातला तर ओळी आरामात बसतात आणि दोन्ही पाट्या नवावर येतात. आणि गोलाईत, जिथे एरवी क्रूस, किरण नाहीतर रोमन आकडा काढतात, तिथे सुटकेचं वाक्य बसतं. डाव्या गोलाईत 'मी परमेश्वर तुझा देव आहे' एका ओळीत, गोलाईच्या मध्यावर, म्हणजे पायापासून फूटभर वर. तिथे रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास असते आणि ओळीला अडीच फूट लागतात. उजव्या गोलाईत 'मी तुला मिसर देशातून / दास्यगृहातून / बाहेर आणले' अशा तीन ओळी. डावीकडून उजवीकडे वाचताना डोळा दोन्ही पाट्यांवरून आधी जातो आणि मगच खाली उतरतो.

आकडे देवनागरी घालावेत, १ ते १०. संगणकावर मजकूर जुळवला तर प्रूफ तीन ठिकाणी थांबून पाहावं. 'शेजाऱ्या'मधला अर्धा र हा जुन्या फॉन्टमधून नव्यात जाताना रफार होतो आणि 'शेजार्या' छापलं जातं. नवव्या आणि दहाव्या आज्ञेत, दोन्हीकडे. 'व्यभिचार'चा 'व्याभिचार' होतो. आणि फॉन्ट हिंदी वळणाचा असला तर ल आणि श परके दिसतात; 'शब्बाथ' आणि 'लोभ' हे शब्द त्यानं लगेच उघडे पडतात. हातानं रंगवणाऱ्या पेंटरकडून या चुका क्वचित होतात, म्हणूनही मला हातानं लिहिलेला बोर्ड बरा वाटतो.

रंगाचं म्हणाल तर प्लायला चारही कडांसकट प्रायमर, मग मॅट काळा किंवा गडद निळा, आणि अक्षरं मोडक्या (किंचित मळकट) पांढऱ्यात. चकचकीत व्हार्निश मारू नये. खिडकीचा उजेड त्यावर पडला की अर्धी पाटी सकाळच्या उपासनेला दिसतच नाही. सोनेरी हवं असतं पुष्कळांना. डब्यातला सोनेरी रंग म्हणजे पितळी भुकटी, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती दोन-चार वर्षांत काळवंडते, हिरवट होते. खरा सोन्याचा वर्ख टिकतो, पण महाग पडतो. तो फक्त वरच्या वाक्याला लावावा. भिंत आणि पाटी यांच्यात एक इंच फट ठेवावी. जून ते सप्टेंबर भिंत ओल धरते आणि चिकटून बसवलेली प्लाय मागून फुगते.

दगडावर कोरायचं तर काळा पाषाण कठीण असतो आणि त्यात हवेच्या पोकळ्या असतात. बारीक अक्षराची कड तिथे तुटते. शिरोरेघ जिथे काना-दंडाला मिळते त्या कोपऱ्यात कपची उडण्याचा धोका सर्वांत जास्त. म्हणून दंड आधी कोरावा आणि शिरोरेघ शेवटी, बाहेरून आत येत. अनुस्वार गोल न करता थोडा चौकोनी ठेवला तर टिकतो. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर वाळूच्या झोतानं कोरणं सोपं पडतं, पण त्यात भरलेला रंग उन्हा-पावसात निघतो आणि नव्यानं भरावा लागतो. बाहेरच्या भिंतीवर ग्रॅनाइट, आत प्लाय, अशी विभागणी मला व्यवहारी वाटते.

शब्बाथशाळेच्या नाटुकल्यातल्या पाट्या हा वेगळाच प्रकार. तिथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकच जोडी करणं. कथेत जोड्या दोन आहेत. लोक सोन्याचं वासरू पुजताना पाहून मोशे पहिली फोडतो, आणि निर्गम ३४ मध्ये देव त्याला पहिल्यासारख्या दोन पाट्या स्वतः घडवून आणायला सांगतो. एकच जोडी असली की एकतर मोशे पाट्या फोडायचं टाळतो, नाहीतर फुटलेले तुकडे चिकटपट्टीनं जोडून परत आणतो. फुटायची जोडी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची करावी. थर्माकोल फुटल्याचा आवाज होत नाही, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदीही आहे. साच्याला पुठ्ठ्याची चौकट, आत तेलाचा हात. तीन भाग पावडर वजनानं दोन भाग पाण्यात घालायची. पाणी पावडरीत घातलं तर गुठळ्या होतात. ४५ बाय ३० सेंटिमीटरची, दोन सेंटिमीटर जाडीची पाटी वाळल्यावर तीन किलोच्या आसपास भरते, दहा-बारा वर्षांच्या मुलाला पेलते. अर्ध्या तासात ती घट्ट होते, पण पुरती वाळायला उन्हाळ्यात तीन-चार दिवस आणि पावसाळ्यात आठवडाही लागतो. ओली राहिली तर आपटल्यावर फुटत नाही, नुसती चेपते. मागच्या बाजूनं अर्ध्या जाडीपर्यंत दोन तिरप्या खाचा द्याव्यात म्हणजे ती तीन मोठ्या तुकड्यांत सुटते. खाली ताडपत्री आणि पुढच्या रांगेतली मुलं सहा फूट मागे. दुसरी जोडी सनबोर्डची किंवा दुहेरी पुठ्ठ्याची, कारण तिला कथा संपेपर्यंत टिकायचं आहे. दोन्ही जोड्यांवर मजकूर सारखाच हवा, मराठीत, आणि शास्त्रात आहे तसा पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेला. म्हणजे मोशेचं काम करणाऱ्या मुलाला शेवटच्या प्रवेशात मागची बाजू बघून आज्ञा मोठ्यानं वाचताही येतील.